एका वाद्यावर विसंबू नका



गाण्याबजावण्याविषयी बोलावयास मी उभा आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. ज्यांच्या घरी मुलांच्या फीची चिंता आहे, त्यांना परदेशातील वादकांची कथा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या दोघांविषयी मी सांगणार आहे, त्यांच्या वाट्याला वाद्यापूर्वी दारिद्र्य आले होते. आणि त्यांच्या देशात माणसाची पायरी कातडीच्या रंगावरून ठरत होती. म्हणून ही कथा आपण ऐकावी.

रे चार्ल्स यांचा जन्म १९३० साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात झाला. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. सातव्या वर्षी मुलाची दृष्टी गेली. आईने त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले काय? नाही. तिने त्याच्याकडून घरची कामे करवून घेतली आणि त्याला फ्लोरिडातील अंध व बधिर मुलांच्या निवासी शाळेत पाठविले. ज्या मुलांना रंग दिसतच नव्हता, त्यांनाही त्या शाळेत रंगावरून वेगळे ठेवीत! तेथे तो ब्रेल लिपीतून संगीत वाचावयास शिकला. एका हाताने उठावाची अक्षरे चाचपावयाची, दुसऱ्या हाताने पियानो वाजवावयाचा, आणि सारे पाठ झाल्यावर दोन्ही हात पियानोवर ठेवावयाचे, अशी ती विद्या. १९४५ साली आई वारली. शाळा सुटली, पण शिकलेले सुटले नाही.

१९४८ साली सिएटल शहरी त्यांना क्विन्सी जोन्स नावाचा, ट्रम्पेट वाजविणारा पोरसवदा मुलगा भेटला. अनेक वाद्यांसाठी स्वररचना कशी करावी, याचे धडे या अंध तरुणाने त्या डोळस मुलाला दिले. गोऱ्यांच्या क्लबात एक संगीत, कृष्णवर्णीयांच्या नृत्यगृहात दुसरे, आणि मध्यरात्रीनंतर स्वतःच्या आवडीचे जाझ, असे तेथील वादक वाजवीत. अष्टपैलुत्व ही त्यांची हौस नव्हती. ती त्यांची भाकरी होती.

पुढे रे चार्ल्स यांनी चर्चमधील भक्तिगीतांचा आर्त स्वर लौकिक गाण्यात आणला आणि 'सोल' संगीताचा पाया घातला. १९६२ साली त्यांनी गोऱ्यांचे समजले जाणारे 'कंट्री' संगीतही आपलेसे केले. परंतु त्यांचे मोठेपण केवळ गळ्यात नव्हते. नव्या कंपनीशी करार करताना आपल्या ध्वनिमुद्रणांची मालकी आपल्याकडे राहील, अशी अट त्यांनी मान्य करवून घेतली. कृष्णवर्णीयाने गावे आणि धनी दुसऱ्याने व्हावे, ही तेथील रीत होती. ती त्यांनी मोडली.

१९६१ साली जॉर्जियातील ऑगस्टा शहरी त्यांचा कार्यक्रम ठरला होता. नाचण्याची जागा गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वरचा सज्जा, अशी व्यवस्था असल्याचे तेथील विद्यार्थ्यांनी त्यांना कळविले. त्यांनी गाण्यास नकार दिला. करारभंगाबद्दल त्यांना पुढे ७५७ डॉलर भरावे लागले. ते त्यांनी भरले. स्वाभिमान मात्र गहाण ठेवला नाही. त्याच जॉर्जियाने १९७९ साली त्यांनी गाजविलेले गीत आपले राज्यगीत केले.

आता क्विन्सी जोन्स यांच्याकडे पाहा. नाव झाल्यावरही १९५७ साली ते पॅरिसला नादिया बुलांजे या नामांकित शिक्षिकेकडे विद्यार्थी म्हणून गेले. पुढे स्वतःचा वाद्यवृंद घेऊन युरोपात फिरताना ते कर्जात बुडाले. या ठेचेनंतर संगीताच्या व्यापारातील व्यवहारही ते शिकले आणि १९६४ साली मर्क्युरी या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे उपाध्यक्ष झाले. ते चित्रपटांनाही संगीत देऊ लागले.

१९७४ साली त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. जीव वाचला, परंतु ट्रम्पेट फुंकणे कायमचे बंद झाले. ज्या वाद्याने त्यांना दारिद्र्यातून बाहेर काढले, तेच हातून गेले! जे केवळ ट्रम्पेटच जाणत असते, त्यांचे काय झाले असते? क्विन्सी जोन्स यांना स्वररचना येत होती, वाद्यमेळ बांधता येत होता. जाझ, फंक आणि सोल यांतील त्यांचे सारे ज्ञान पणाला लागले ते त्यानंतर. मायकेल जॅक्सन यांचा १९८२ सालचा 'थ्रिलर' हा जगात सर्वाधिक खपलेला गीतसंग्रह त्यांच्याच निर्मितीतून बाहेर पडला.

१९८५ साली आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी अनेक कलावंतांनी मिळून एक गीत गायिले. गाणाऱ्यांत रे चार्ल्स होते. समोर उभे राहून गीत बसविणारे क्विन्सी जोन्स होते. सिएटलचे ते दोन गरीब मुलगे आता दुसऱ्यांची भूक भागविण्यासाठी एकत्र आले होते. रे चार्ल्स २००४ साली आणि क्विन्सी जोन्स २०२४ साली निवर्तले.

आपल्या घरातील एखादे मूल ढोलकी वा हार्मोनियम घेऊन बसत असेल, तर त्याला हटकू नका. पण त्याला एवढे अवश्य सांगा : बाळ, नुसते वाजवू नकोस, संगीत लिहावयास आणि वाचावयास शीक. एक वाद्य आले की दुसऱ्याला हात घाल. करार वाचल्यावाचून सही करू नकोस. आणि जेथे तुझ्या माणसांना वेगळे बसवितात, तेथे कितीही पैसे मिळोत, वाजवू नकोस.

वाद्य हातून जाऊ शकते. शिकलेली विद्या मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही.