शेरा मारून वर पाठवा

संगणकाच्या प्रोग्रॅमला अनपेक्षित अडचण आली, म्हणजे फाइल सापडली नाही किंवा आकड्याच्या जागी अक्षर आलं, की तो हातातलं काम सोडून ओरडतो. या ओरडण्याला ‘एक्सेप्शन’ म्हणतात. ते ऐकणारं कुणी नसेल तर प्रोग्रॅम बंद पडतो.

नोकरीच्या सुरुवातीला मला याची धास्ती वाटे. एका पतसंस्थेसाठी व्याजआकारणीचा प्रोग्रॅम लिहिताना मी प्रत्येक एक्सेप्शन पकडलं आणि गप्प केलं. प्रोग्रॅम कधी अडला नाही, सगळे खूश! चार महिन्यांनी एक आजी पासबुक घेऊन आल्या. ‘‘बाळा, माझं व्याज का रे नाही जमा झालं?’’ त्यांची जन्मतारीख चुकीची नोंदली गेली होती. ज्येष्ठांचा दर लावताना प्रोग्रॅम ओरडला होता. त्याचं तोंड मीच दाबलं होतं. अशी १९ खाती निघाली.

मग एक्सेप्शन पकडूच नये का? तसंही नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपचं ‘एरियान ५’ रॉकेट प्रथमच झेपावलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. त्या ठिकाणी एक्सेप्शन सांभाळण्याची सोय नव्हती. दिशादर्शक संगणक बंद पडला; राखीव संगणकातही तोच प्रोग्रॅम, तो क्षणभर आधीच बंद पडलेला. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. दुर्दैव असं, की उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती.

तेव्हा तारतम्य हवं. कचेरीतला जाणता कारकून आपल्या अखत्यारीबाहेरचा अर्ज फाडत नाही. शेरा मारून वर पाठवतो. प्रोग्रॅममध्येही तसंच. उपाय हातात असेल तिथे एक्सेप्शन पकडावं. नसेल तर नोंद करून पुन्हा वर सोडावं. पायथन भाषेत ‘एक्सेप्ट’खाली नुसतं ‘रेज’ लिहिलं, की मूळ एक्सेप्शन, ते कुठे उद्भवलं या माहितीसकट, वरच्या पातळीकडे जातं.

पतसंस्थेचा प्रोग्रॅम मी बदलला. अडलेलं खातं तो बाजूला ठेवतो, बाकीची पुरी करतो आणि शेवटी अडलेल्यांची यादी व्यवस्थापकांपुढे ठेवतो. ती यादी पाहिल्याशिवाय दिवस बंद होत नाही. आजींना व्याज मिळालं. मला मात्र त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं, ते अजून विसरलो नाही.