बॅटरीचा झोत

परवा रायपूरच्या गोलबाजारात बॅटरी घ्यायला गेलो होतो. बॅटरी म्हणजे आपली हातातली विजेरी. दुकानदारानं काउंटरखालून हातभर लांब नळकांडं काढलं आणि अभिमानानं म्हणाला, "भैया, ये आधा किलोमीटर मारेगा." आपण मराठीतही बॅटरी 'मारतो'च. पण याच छत्तीसगडात एका रात्री तो शब्द शब्दशः खरा झाला होता.

1947 सालची गोष्ट. रायपूरच्या उत्तरेला कोरिया संस्थान होतं. बैकुंठपूर ही त्याची राजधानी. तिथले महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून जात असताना त्यांना तीन चित्ते एकमेकांना खेटून बसलेले दिसले. तिन्ही नर, सारख्या आकाराचे, बहुधा एकाच विणीचे. पहिल्या गोळीत एक गेला. दुसरी गोळी दुसऱ्यातून आरपार जाऊन मागच्या तिसऱ्याला लागली. ही हकिगत फोटोंसह बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली, तेव्हा संपादकांना इतकी किळस आली की त्यांनी ती छापताना तसं स्पष्ट लिहिलं. भारतातल्या मूळच्या रानटी चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद मानतात. 1952 साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करणारा. मग रात्री गाडी जवळ येईपर्यंत ते तिघे उठले का नाहीत? गाडीचे दिवे त्यांच्यावर पडलेच असणार, आणि अशा झोतात जनावर बरेचदा जागच्या जागी थिजतं. बहुतेक शिकारी जनावरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून चांदण्याचा कवडसाही त्यांना पुरतो. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. पण झोत पडला की तोच आरसा जनावराची चहाडी करतो: अंधारात दोन निखारे पेटतात.

जुन्या शिकाऱ्यांचं सगळं कसब या आरशाभोवती फिरायचं. परतणारा उजेड आल्या वाटेनंच जातो, म्हणून बॅटरी कमरेशी नाही, कानशिलाजवळ धरायची. नाहीतर समोर डोळे चमकतात आणि आपल्यालाच दिसत नाहीत. तांबडी काच लावायची, कारण या जनावरांना तांबडा रंग फारसा जाणवत नाही. मचाणावर बसलं की गाऱ्याशी, म्हणजे मारून ठेवलेल्या सावजाशी, हाडं फुटल्याचा आवाज येईपर्यंत अंधारच ठेवायचा. आणि नुसत्या डोळ्यांवर बार कधीच टाकायचा नाही. डोळे म्हशीचे चमकतात, कुत्र्याचे चमकतात, रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचेही चमकतात. दोन डोळ्यांतलं अंतर, जमिनीपासूनची उंची, चाल, हे सगळं जुळल्याशिवाय जनावर कोणतं ते कळत नाही. हा नियम न पाळणाऱ्यांनी किती गुरं मारली असतील, देव जाणे.

कायद्यालाही हा उजेड ठाऊक होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीत कृत्रिम उजेड वापरायला बंदी घातली, पण एक खिडकी उघडी ठेवली: गाऱ्यावर आलेल्या मांसाहारी जनावरासाठी खास परवाना. 1991 च्या दुरुस्तीत परवान्याची ती कलमंच गेली. आता नरभक्षक ठरलेल्या जनावरासाठी मुख्य वन्यजीव संरक्षकाचा लेखी हुकूम लागतो. बाकी झोत टाकून मारणं म्हणजे सरळ चोरटी शिकार.

मग मी बॅटरी कशाला घेतली? चैत्रात मोहफुलं पडू लागली की आमच्या ओळखीची माणसं पहाटे अंधारातच झाडाखाली जातात. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात, त्याच वेळी. तिथे अर्धा किलोमीटर मारणारा बारीक झोत कुचकामी. हवा तो पसरट उजेड, झाडाच्या बुंध्याभोवतीचं सगळं दाखवणारा. पोचण्याआधीच लांबून तो फिरवायचा, बॅटरी कानशिलाशी धरून, आणि मोठ्यानं बोलत चालायचं. दोन ठिपके चमकले तर ते गाईचे की अस्वलाचे हे ओळखत बसायचं नाही, आल्या पावली मागे फिरायचं. फुलं तासाभरानंही तिथेच असतात.

दुकानदाराला मी तसली बुटकी, पसरट उजेडाची बॅटरी मागितली. त्याचा चेहरा पडला. लांब नळकांडं त्यानं पुन्हा काउंटरखाली सरकवलं.