भगवतीचे टोक

रत्नागिरीला आलेला पाहुणा भगवतीच्या किल्ल्यावर गेल्यावाचून सहसा परतत नाही. किल्ल्याचे नाव रत्नदुर्ग. पण आत देवी भगवतीचे देऊळ, म्हणून लोकांच्या तोंडी 'भगवती'च. डोंगराची एक सोंड समुद्रात शिरली आहे, तिच्यावर घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला. तीन बाजूंना पाणी. उत्तरेला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र, दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र. एकाच सोंडेच्या दोन कुशींत दोन रंगांची वाळू, आहे की नाही गंमत? काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे लोहयुक्त खनिज असते.

पण पाहण्यासारखा आहे तो कडा. वर तांबडा जांभा, खाली लाटांनी पोखरलेली कपार. बैलजोडीतला एक बैल रेंगाळला की गाडी त्याच्या बाजूला वळते ना? लाटेचे तसेच आहे. टोकाजवळ पाणी उथळ, तिथे लाट अगोदर मंदावते आणि तिचा उरलेला पदर टोकाकडे वळतो. म्हणून मार बसतो तो सोंडेच्या नाकाडावर. खालचा थर झिजला की वरचा जांभा आधार सुटून कोसळतो. आपण ज्याला देखणा कडा म्हणतो, तो असा तुटून तुटूनच झालेला आहे. आणि तुटलेले धोंडे जातात कुठे? पाण्याखाली, होडीच्या वाटेवर. शिवाय कड्यावर आपटलेली लाट उलटी फिरते, येणाऱ्या लाटेला भिडते, आणि तिथले पाणी नुसते उकळल्यासारखे होते. म्हणून जाणता तांडेल टोकाला दूरचा वळसा घालतो.

हेच टोक आसराही देते. दक्षिणेकडचे वारे ते अंगावर घेते, मग उत्तरेच्या कुशीत पाणी त्या मानाने शांत राहते. मात्र पश्चिमेकडून वारा आला की कुशीचा आसरा संपला! ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आले, तेव्हा 'बसरा स्टार' नावाचे जहाज भरकटत मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन लागले. त्यावरचे १३ खलाशी सुखरूप उतरवले. जहाज मात्र पुढे काही वर्षे तिथेच लाटा खात पडून होते. एवढ्या लोखंडी धुडाची ही गत. मग लाकडी होडीचे काय सांगावे!

दक्षिणेच्या टेकडीवर दीपगृह आहे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी असते; ती मोजून खलाशी आपण कुठे आहोत ते ओळखतो. गुरुजींनी वर्गात एक गणित जरूर घालावे. समुद्रापासून जितके मीटर उंच, त्याचे वर्गमूळ काढा, साडेतीनने गुणा. तितके किलोमीटर क्षितिज लांब. ८१ मीटरवरून साधारण ३२ किलोमीटर. दिवा उंचावर का बांधतात, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

सहल न्यायची तर पंचांग पाहून न्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईकडचा. रत्नागिरीला भरती थोडी अगोदर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर किनाऱ्यावरचे शेवाळलेले खडक बघता बघता बुडतात, आणि मागे फिरायची वाटच उरत नाही. मुलांना कड्याच्या कडेलाही जाऊ देऊ नका. पायाखालचा जांभा खालून पोकळ असू शकतो. शिदोरी सोडायची ती वर, देवळाच्या आवारात.