भाड्याचे घर : आधी हिशेब, मग कागद
(पालक मेळाव्यातील भाषण)





शेतीत, दुकानात किंवा नोकरीत चार पैसे शिल्लक पडले, की एखादे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यावर मुलांचे शिक्षण करावे, असा विचार आपल्या निमगाव सावा परिसरातील पालकही करतात. विचार चांगला आहे. परंतु घर ही दुभती म्हैस असली, तरी तिला चाराही लागतो, हे विसरून चालणार नाही.

प्रथम हिशेब मांडा. समजा, पुण्यात ३० लाखांचा फ्लॅट घेतला व महिना १० हजार भाडे आले. वर्षाचे १ लाख २० हजार झाले. त्यातून घर महिनाभर रिकामे राहिल्याचे १० हजार आणि घरपट्टी, सोसायटीचा खर्च व दुरुस्तीचे ३० हजार वजा करा. उरले ८० हजार. म्हणजे शेकडा तीनसुद्धा नाहीत! पुढे किंमत वाढेलही, पण वाढलेल्या किमतीतून यंदाची फी भरता येत नाही. याउलट, स्वतःच्या गावठाणातील जागेवर ६ लाखांत दोन खोल्या बांधल्या आणि महिना ५ हजार भाडे आले, तर खर्चाचे १२ हजार वजा जाता ४८ हजार उरतात. म्हणजे शेकडा आठ. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे आपणच मांडावेत. मात्र भाडेकरू कोण मिळणार, हे आधी पाहावे. नारायणगाव, आळेफाटा यांसारख्या बाजारपेठेच्या गावी जी मागणी असते, ती प्रत्येक वाडीवर नसते.

दुसरी गोष्ट कागदांची. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे उतारे जाणकाराकडून तपासून घ्या. वडिलोपार्जित मिळकत असेल, तर बहिणींचा हक्क डावलून केलेला व्यवहार पुढे कोर्टात जातो. शेतजमिनीतील गुंठा-दोन गुंठे स्वस्तात मिळतात, म्हणून नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट कराराची. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण मालकांनी दुरुस्ती सोडली आणि मुंबईतील कितीतरी चाळी मोडकळीस आल्या. त्या धास्तीने आजही काही मालक घर रिकामे ठेवतात, तर काही तोंडी बोलीवर देतात. दोन्ही चूक. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइनही होते. विद्यार्थी मित्रांनो, या कामी वडिलांना मदत करा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण सूरह बकरामध्ये आहेच.

डिपॉझिट हे उत्पन्न नव्हे, ती भाडेकरूची अमानत आहे. ती वेगळी ठेवा आणि घर सोडताना बिनबोभाट परत करा.

शेवटी एकच विनंती. घराचा हप्ता भरण्यासाठी मुलीची शाळा सोडवावी लागत असेल, तर ते घर कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडले, असे समजा.