वधूवर आणि छायाचित्रकार

लग्न ठरले की दोन्ही घरांत याद्या होऊ लागतात. कार्यालय, आचारी, भटजी, वाजंत्री, शालू-शेल्यांची खरेदी, मानपान, आहेर. या याद्यांत छायाचित्रकाराचे नाव पूर्वी अगदी तळाशी असे. 'ओळखीचा एक मुलगा आहे, तो येऊन चार फोटो काढून जाईल,' एवढ्यावर तो विषय संपे. आता ते नाव पुष्कळ वर चढले आहे आणि त्यापुढचा आकडाही. खर्च वाढला त्या मानाने विचार मात्र वाढलेला नाही. शालूचा रंग मुलीला खुलतो की नाही हे दहादा पाहणारी माणसे छायाचित्रांची पद्धत ठरविताना दुकानातला जाड अल्बम उघडतात, त्यातल्या कुणा तिसऱ्याच जोडप्याकडे बोट दाखवितात आणि 'अशी काढा' म्हणून सांगून मोकळी होतात. ते जोडपे निराळे आणि आपले निराळे, ही गोष्ट त्या घटकेला कुणाच्या ध्यानात येत नाही.

छायाचित्राची पद्धत माणसाच्या मापाने बेतावी लागते, हे इंदूर आणि हैदराबाद या दोन शहरांना तरी नव्याने सांगावयास नको. रुडकीच्या कॉलेजातून स्थापत्याचे शिक्षण घेऊन आलेले लाला दीनदयाळ इंदुरात बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि तुकोजीराव होळकरांसारख्या राज्यकर्त्याच्या आश्रयाने त्या छंदाचा व्यवसाय झाला. पुढे सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ निघाला, निजामाच्या दरबाराचे ते छायाचित्रकार झाले, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा' हा किताब दिला. त्यांनी काढलेल्या महालांची आणि दरबारांची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिलेली असतात. परंतु १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केलेली एक गोष्ट लग्नाच्या संदर्भात अधिक विचार करण्याजोगी आहे. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी एक वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. त्याच्या भोवती उंच भिंती होत्या, आत पुरुषाला मज्जाव होता, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेव्हिक नावाच्या एक आंग्ल बाई आपल्या मदतनीस स्त्रियांसह उभ्या असत. त्या स्त्रियांनी कॅमेऱ्यासाठी आपली रीत सोडावी, असे दीनदयाळांनी म्हटले नाही. त्यांनी स्टुडिओच त्यांच्या रीतीप्रमाणे बांधून दिला.

पडदा गेला. परंतु चारचौघांत कुणी आपल्याकडे टक लावून पाहू लागले की अंग चोरणारी मुलगी आणि मानेला काठी बांधल्यासारखा ताठ होणारा मुलगा आजही घरोघर आहेत. अशा दोघांना लग्नाच्या आधी महिनाभर एखाद्या किल्ल्यावर किंवा तळ्याकाठी नेऊन, भाड्याच्या झगमगीत पोशाखात एकमेकांकडे पाहून हसावयास लावतात. ज्यांचे अद्याप एकमेकांशी धड चार शब्द बोलणे झालेले नाही त्यांना वीस वर्षांच्या सहवासाची जवळीक दाखवावी लागते. ती दाखविताना होणारा संकोच भिंग इमानाने टिपते. तीच चित्रे मग कार्यालयाच्या दारात मोठ्या पडद्यावर फिरत राहतात, आणि मुलगी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी त्या पडद्याकडे पाहण्याचे टाळते. उलट, ज्यांना नटण्यामुरडण्याची, नाचण्यागाण्याची मुळातच हौस आहे, ज्यांची ओळख कॉलेजच्या रंगमंचावर झाली, अशा जोडप्याला हाच प्रकार शोभून दिसतो. त्यांना कोपऱ्यात उभे राहून हळूच चित्रे टिपणारा छायाचित्रकार दिला तर त्यांचा विरसच होईल. तेव्हा पद्धत जुनी की नवी, या प्रश्नापेक्षा ती कुणाला मानवेल हा प्रश्न आधी यावयास हवा.

पद्धती तशा अनेक नावांनी विकल्या जातात, पण त्यांच्या मुळाशी दोनच प्रवृत्ती आहेत. एक माणसांना मांडून बसविते, दुसरी माणसे आपापल्या कामात असताना त्यांना गाठते. मांडून बसविण्याची पद्धत यंत्राच्या गरजेतून आली. काचेच्या पट्टीवर पुरेसा प्रकाश पडेपर्यंत हलावयाचे नाही, ही सक्ती होती. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, मध्ये तिवईवर फुलदाणी आणि दोघांच्या चेहऱ्यांवर न्यायाधीशासमोर उभे राहिल्याचा भाव, या जुन्या चित्रांचे रहस्य त्या सक्तीत आहे. पुढे १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला. तो गळ्यात अडकवून गर्दीत हिंडता येऊ लागले, आणि कार्तिये-ब्रेसाँसारख्या फ्रेंच छायाचित्रकाराने नेमका क्षण पकडण्याची एक परंपराच घालून दिली. बाजारात आज ज्याला 'कँडिड' म्हणतात ते त्याच परंपरेचे दूरचे नातवंड आहे. दूरचे म्हणण्याचे कारण असे की, 'जरा सहज हसा, मी कँडिड घेतो आहे,' असे सांगणारे छायाचित्रकारही पुष्कळ भेटतात.

मांडून घेतलेल्या चित्राला अलीकडे मागासलेले समजतात. ते बरोबर नाही. सगळ्या कुटुंबाचे एकत्र, समोर पाहणारे, सर्वांचे चेहरे स्पष्ट दिसणारे चित्र ही घराण्याची वंशावळच असते. चाळीस वर्षांनी नातू अल्बम उघडतो तेव्हा त्याला धुरातून दिसणारे कलात्मक हात नको असतात. पणजी कोणती, ग्वाल्हेरचे काका कोणते, हे त्याला पाहावयाचे असते. संकोची जोडप्यालाही हे चित्र सोपे जाते, कारण तेथे काही भाव आणावयाचा नसतो. नीट उभे राहावे, समोर पाहावे, एवढेच. म्हणून कोणतीही पद्धत निवडली तरी घरच्या वडीलधाऱ्यांसह अर्धा तास असा राखून ठेवावा, आणि तो जेवणाच्या आधीचा असावा. पंगत उठल्यावर म्हातारी माणसे थकलेली असतात, मुले पेंगुळलेली असतात आणि एखादा मामा हटकून स्टेशनावर गेलेला असतो.

विधींच्या वेळी मात्र मांडणी उपयोगाची नाही. येथे छायाचित्रकार साक्षीदार असतो, पण पुष्कळदा तो पुरोहिताच्याही वर जाऊन बसतो. 'भटजी, थोडे थांबा,' 'हार पुन्हा एकदा उचला,' 'अक्षता मूठभर आणखी टाका,' अशा आज्ञा बोहल्यावर ऐकू येतात, आणि वऱ्हाडाला वधूवरांच्या जागी कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसतात. वधूवरांना सूचना ऐकत लग्न करावे लागते. असे लग्न त्यांना पुढे छायाचित्रांतूनच आठवते, कारण प्रत्यक्ष त्या घटकेला त्यांचे लक्ष सूचना देणाऱ्याकडे होते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपुढे याशिवाय आणखी एक अडचण असते. इंदूर-ग्वाल्हेरकडचा छायाचित्रकार जयमाला आणि फेरे यांच्या तालावर वाढलेला असतो. त्याच्या हिशेबी मुख्य प्रसंग सायंकाळी, रोषणाईत, उंच मंचावर घडतो. मराठी लग्नाचा मुहूर्त भर दुपारी किंवा सकाळीही असू शकतो. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट दूर होतो, आणि वधूवरांची दृष्टादृष्ट होण्याला श्वासभराचाही वेळ लागत नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो नेमका तेव्हा भिंग बदलत असतो. गौरीहर पुजण्यास बसलेली मुलगी त्याला दिसतच नाही, कारण तेथे गर्दी नाही. वास्तविक सगळ्या दिवसात तिचे एकटीचे असे तेवढेच क्षण असतात. खिडकीच्या उजेडात, दिव्याचा झोत न टाकता घेतलेले ते एक चित्र पुष्कळदा साऱ्या अल्बमपेक्षा मोलाचे ठरते. तसेच लाजाहोमाच्या वेळी लाह्या घालणारा भाऊ, त्याने पिळलेला नवऱ्या मुलाचा कान, आणि तांदळाच्या सात राशींवरून चालणारी पावले. सप्तपदीला कॅमेरा चेहऱ्यावर रोखून ठेवला तर सप्तपदी दिसणार कशी? म्हणून लग्नाच्या आधी छायाचित्रकाराला घरी बोलावून, चहा देऊन, विधींचा क्रम त्याच्या भाषेत समजावून सांगणारी एखादी आत्या किंवा मावशी नेमावी. बडोद्यात किंवा बेळगावात दोन घरांच्या रीती निराळ्या असल्या तर दोन्हीकडची एकेक.

प्रकाशाचाही थोडा विचार हवा. मांडवाचे कापड लाल असले की त्याखालची सारी माणसे तापाने फणफणल्यासारखी दिसतात. पांढऱ्या किंवा फिकट कापडाखाली तोच उजेड मऊ होऊन उतरतो. समोरून मारलेल्या झोताने जरीचे पोत नाहीसे होऊन नुसता पांढरा पट्टा उरतो, आणि बाजूच्या झोताने मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर पडतात. मांडववाला आणि छायाचित्रकार यांची गाठ दोन दिवस आधी घालून दिली तर हे सगळे फुकटात टळते.

दोघांचे स्वभाव परस्परांहून भिन्न असतील तर काय करावे, असा प्रश्न नेहमी येतो. मुलगा हौशी, मुलगी अबोल. किंवा याच्या उलट. अशा वेळी दिवसाची वाटणी करावी. हळदीच्या आणि गाण्याच्या कार्यक्रमात हौशीला वाव द्यावा, विधी शांतपणे टिपू द्यावे. पण हे दोघांनी एकत्र बसून ठरवावे. बैठकीत व्याही-व्याह्यांनी मानपानाबरोबर ठरविण्याची ही बाब नव्हे. नोंदणी पद्धतीने विवाह करणाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा असतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की सोहळा आटोपतो. तेथे चार माणसांचा ताफा नेण्यापेक्षा एकच समंजस छायाचित्रकार न्यावा, आणि सही करणारा हात व तो पाहणारी आई एवढे त्याने घेतले तरी पुरे.

छायाचित्रकार निवडताना त्याने निवडून ठेवलेली वीस उत्तम चित्रे पाहण्यात अर्थ नाही. वीस चित्रे कुणाचीही चांगली असतात. एका लग्नाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची सारी चित्रे दाखवा, असे म्हणावे. त्यांत म्हातारी माणसे आहेत का, पंगत आहे का, माणसे अवघडलेली दिसतात की मोकळी, हे ध्यानात येईल. प्रत्यक्ष लग्नाला तो स्वतः येणार की हाताखालचा मुलगा पाठविणार, हेही विचारावे. रोल फिल्मवर बारा चित्रे निघत तेव्हा छायाचित्रकार प्रत्येक चित्रापूर्वी विचार करी. आता एका लग्नाची हजारो चित्रे घरात येऊन पडतात आणि ती निवडण्याचे काम नव्या संसाराच्या गडबडीत वर्षभर कुणी करीत नाही. निवड करून दीड-दोनशे चित्रेच द्यावीत, असा करार केलेला बरा.

करारात आणखी एक कलम असावे. अनेक छायाचित्रकार आपल्या जाहिरातीसाठी नववधूची चित्रे इंटरनेटवर लावतात, आणि घरच्यांना ते एखाद्या परक्या माणसाकडून कळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, उलट करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क ते काढवून घेणाऱ्याकडे असतो. परंतु छापील करारपत्रात तो उलट करार बारीक अक्षरांत दडलेला असू शकतो. सही करण्यापूर्वी ते मुलीने स्वतः वाचावे. चित्रे तिची आहेत.

आणि निवडलेली चित्रे कागदावर उतरवून घ्यावीत. यंत्रात साठविलेली चित्रे दोन निराळ्या ठिकाणी ठेवली तरी यंत्रे बिघडतात, पद्धती बदलतात. चांदीच्या क्षारांवर उठविलेली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कृष्णधवल चित्रे अजून ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या मागून आलेली रंगीत चित्रे कित्येक घरांत तांबूस पडली आहेत. चांगल्या कागदावर छापून दोन अल्बम करावेत, एक सासरी आणि एक माहेरी. कुटुंबाच्या मोठ्या चित्रामागे मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे, उभ्या आणि बसलेल्या माणसांची नावे लिहावीत. ती सांगावयास घरातली सर्वांत वृद्ध व्यक्ती बसवावी, आणि हे काम पहिल्या दिवाळसणाच्या आत उरकावे.