त्वचेचे वार्धक्य आणि रेटिनॉइड औषधे



शेतात राबणाऱ्या मनुष्याचा चेहरा आणि सदऱ्याखाली झाकलेला त्याचाच दंड यांची तुलना केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. दोन्हींचे वय एकच. परंतु चेहऱ्यावर सुरकुत्या व डाग पडतात, दंड मात्र मऊ राहतो. म्हणजे त्वचेच्या वार्धक्यात वयाइतकाच उन्हाचाही वाटा असतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेस घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन झिजते.

या झिजेवर उपयोगी पडणारी रेटिनॉइड औषधे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील होत. त्यांपैकी ट्रेटिनॉइन हे मूळचे मुरुमांवरील औषध. त्याने सुरकुत्याही कमी होतात, हे फिलाडेल्फियातील त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केले. १९८८ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० जणांच्या एका हातावर हे औषध व दुसऱ्या हातावर साधे मलम १६ आठवडे लावून पाहिले. औषध लावलेल्या हाताची त्वचा सुधारली. मात्र बहुतेकांना दाहही झाला.

हे औषध धीराने वापरावयाचे असते. गुण दिसण्यास काही महिने लागतात, व तो टिकविण्यासाठी वापर पुढेही चालू ठेवावा लागतो. आरंभी आठवड्यातून दोन-तीन रात्री, वाटाण्याएवढेच मलम कोरड्या चेहऱ्यावर लावावे. अधिक लावल्याने गुण लवकर येत नाही, आग व सोलवटणे मात्र वाढते. दिवसा टोपी, पदर वा छत्री यांनी ऊन टाळावे. अन्यथा रात्री मिळविलेले दिवसा गमावले जाते. खोल सुरकुत्या पूर्णपणे जात नाहीत. गर्भवती स्त्रियांनी, तसेच गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी, हे औषध वापरू नये.

आणखी एक धोका आहे. ट्रेटिनॉइनमध्ये स्टिरॉइड मिसळलेली काही मलमे गोरेपणासाठी म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने लावली जातात. त्या स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो व मलम सोडताच आग होते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तेव्हा दुकानात मलमाचे नाव सांगण्यापूर्वी डॉक्टरांस त्वचा दाखवावी, आणि नळीवर छापलेले घटक वाचून घ्यावेत, हेच हितावह होय.