पत्रा गाडीला बसायला हवा

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की लोक आधी इंजिनाची चौकशी करतात. इंजिनाचं काम त्या मानानं सोपं असतं. गाडी अडते ती पत्र्यावर. त्यातून ती मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर राहिलेली असेल तर विचारायलाच नको. बारा महिने खारा वारा आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पत्रा वरून कोरडा दिसला तरी सांध्यांत ओलाच राहतो. दरवाजाची खालची कड, मडगार्डची आतली बाजू, पायाखालचा तळ इथे गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो.

आपल्याकडे जुनी गाडी म्हणजे बहुधा फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. तिचीच पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. इतकी वर्षं एकच गाडी, तेव्हा कुठल्याही सालचा पत्रा चालेल असं वाटतं. तसं नसतं. जुन्या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, बिजागऱ्या मधल्या खांबावर असत. नंतर त्या पुढच्या खांबावर गेल्या. पुढची जाळी, जिला गॅरेजवाले ‘शो’ म्हणतात, तीही बदलत गेली. म्हणून पत्रा शोधायला निघताना नुसतं गाडीचं नाव पुरत नाही. साल हवं, आणि जुन्या पत्र्याचा पुठ्ठ्यावर कापलेला नमुनाही हवा.

पत्रा मिळण्याच्या वाटा तीन. पहिली, कारखान्याच्या साच्यातून निघालेला, न वापरलेला पत्रा. एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर तो निघाला तर नशीब. दुसरी, मोडीत निघालेल्या गाडीचा पत्रा. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या फियाट धावत होत्या, तोवर कुर्ल्याच्या बाजारात त्यांचे भाग हमखास मिळत. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि ही वाटही अरुंद झाली. असा पत्रा घ्यायचाच तर मी घाटावरच्या गाडीचा बघतो. सोलापूरकडच्या कोरड्या हवेतला दरवाजा खालून शाबूत असण्याचा संभव जास्त. घेताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावं. ते जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असं समजावं.

तिसरी वाट हातानं ठोकून घडवलेल्या पत्र्याची. आमच्याकडच्या एका मेस्त्रींनी मला सांगितलं होतं, ‘‘पत्रो गाडयेक बसाक व्हयो, गाडी पत्र्याक नाय.’’ याचा अर्थ काम करताना कळतो. नवा दरवाजा बसत नाही म्हणून अनेकदा चौकटच कापली जाते किंवा फट लांबीनं बुजवली जाते. दोन पावसाळ्यांत ती लांबी सुटते आणि आत पाणी शिरतं.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. तळ आणि दाराखालचा उंबरा गंजला की गाडी मधोमध दबते आणि दरवाजाच्या चौकटीचा आकार बिघडतो. अशा वेळी नवा पत्रा बरोबर असतो, चूक गाडीत असते. म्हणून दोन्ही बाजूंच्या चौकटी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या मोजाव्यात. दोन्ही बाजू एकदम कापू नयेत, धड बाजू हेच आपलं माप. उंबरा कापण्याआधी चौकटीत आडवा पाईप टाकून ती बांधून घ्यावी. दरवाजे, बोनेट आणि मडगार्ड एकत्र लावून बघावेत, तेही गाडी चारही चाकांवर उभी असताना. फटी सारख्या दिसल्या की आधी थोडे टाके मारावेत, दरवाजा उघडझाप करून पाहावा आणि मगच पुरतं वेल्डिंग करावं. रंग सगळ्यात शेवटी. मात्र दरवाजाच्या तळाची पाणी जाण्याची भोकं लांबीनं किंवा रंगानं बुजू देऊ नयेत. आपल्या किनाऱ्यावर हे विसरून चालत नाही.

या काळजीला कायद्याचंही कारण आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. मापात नसलेल्या पत्र्यासाठी कापलेली चौकट तिथेही आड येऊ शकते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. काढलेला जुना पत्रा कितीही कुजका असो, लगेच भंगारात घालू नका. त्याची वळणं, भोकांमधलं अंतर, कडेची घडी पाहूनच मेस्त्री नवा घडवतो. साचे गेले, टॅक्सी गेल्या. आता तुमच्या गाडीचं माप त्या कुजक्या तुकड्यातच शिल्लक आहे. नवा पत्रा बसून एक पावसाळा निघेपर्यंत तरी तो पडवीत राहू द्या.